निरोगी काच

"मग अहवालावर सही करायला अडचण काय आहे, मॅडम?"

तुषार गावंडेने तिसऱ्यांदा विचारलं. मेंदूच्या आजारांच्या त्या प्रयोगशाळेत तो दोन वर्षं शिकत होता आणि स्वतःला निम्मा गुरू समजू लागला होता. खरेबाई पूर्ण गुरू होत्या, पण त्यांना कसलीच घाई नसे.

"मुलीचं सगळं पुन्हा एकदा सांग."

"अश्विनी कोळपे. बावीस वर्षांची, बार्शीची. आईला ओळखत नाही. म्हणते, ही कोणीतरी माझ्या आईची साडी नेसून आलीये."

"मग?"

"तिचं रक्त काचेवरच्या उंदराच्या मेंदूच्या पातळ कापावर घातलं. शरीर स्वतःच्याच मेंदूवर उलटलं असतं, तर काच हिरवी चमकली असती. काळीकुट्ट आहे. आजार नाही, मॅडम. वेड आहे."

सही झाली की इंजेक्शनं बंद होणार होती. संध्याकाळी मनोरुग्णालयाची गाडी यायची होती. पोरीची आई सकाळपासून बाहेर बाकावर बसून होती.

"काचा किती होत्या?"

"तीन. एक आजार पक्का ठरलेल्या रोग्याची, एक तिची. आणि एक निरोगी माणसाची, ताडून बघायला."

"तिन्ही पाहिल्यास?"

तुषारने अहवाल बाईंच्या पुढे सरकवला.

"तुषार?"

"निरोगी नाही पाहिली. ठेवणीतलं रक्त संपलं होतं, म्हणून माझंच घातलं. त्यात काय बघायचं?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी दार लावलं, दिवा मालवला. भर दुपारी खोलीत अंधार झाला.

"बघ."

तुषारने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

कापावर हिरवा उजेड पसरला होता. विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ चढावं तसा तो कडेकडेने आत गेला होता.

"काचा बदलल्या असतील..."

"नाव वाच."

नाव त्याचं होतं. अक्षरही त्याचंच.

सरळ सांगायचं तर तो घाबरला. त्याने हाताची बोटं एकेक करून हलवली. हलली. आईचा चेहरा आठवून पाहिला. आठवला. तरी तो आपल्याच आईचा आहे ना, हे त्याने पुन्हा एकदा निरखून घेतलं.

"मॅडम, मला काही होत नाहीये."

"असं तू म्हणतोस."

"मी धडधाकट आहे!"

"काच नाही म्हणते. कोणाचं ऐकू?"

धडधाकट माणसाची काच चमकू शकते, तर आजारी माणसाची काळीही राहू शकते.

मग तुषारने कागद ओढला. 'आजार नाही' हे आपलंच वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, 'काच काळी असली तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. इंजेक्शनं चालू ठेवावीत.' अक्षर वाकडंतिकडं आलं. बाईंनी सही केली.

दारापर्यंत जाऊन तो थांबला.

"माझी काच तुम्ही आधीच पाहिली होतीत."

"हो."

"पण का?... माझ्याबद्दल शंका यायचं कारण काय?"

बाईंनी दिवा लावला.

"अश्विनी सकाळपासून मला सांगतेय, त्या गावंडे डॉक्टरांना जपा, त्यांनाही माझ्यासारखंच होतंय म्हणून."