वहीतलं आणि पाठीवरचं

मोरवडी संस्थानात हैबती नावाचा पाथरवट होता. माणूस कष्टाळू, पण राग नाकाच्या शेंड्यावर. भर बाजारात बोलाचाली झाली आणि त्याने सटवा तेल्याचे दोन दात पाडले. शिपायांनी त्याला राजेसाहेबांच्या दरबारात उभे केले.

दिवाणांनी गुन्ह्यांची जाडजूड वही उघडली. "सहा वर्षांपूर्वी यानेच एकाचा हात मोडला होता. आजच्या गुन्ह्याचे वीस फटके आणि त्या जुन्या गुन्ह्याचे वीस. एकूण चाळीस!"

चाळीस फटके खाऊन उठलेला माणूस मोरवडीत कोणी पाहिला नव्हता.

एवढ्यात त्याची बायको चिमा पुढे झाली. "सरकार, जुना गुन्हा आज धरायचा?"

"धरायचाच! गुन्हा कधी शिळा होत नाही," दिवाण गरजले.

चिमाने नवऱ्याची बंडी मागून वर केली. पाठभर जुने वळ होते. "मग शिक्षा तरी कशी शिळी होईल? वहीतलं वाचलंत, आता हेही वाचा. जुन्याचे वीस इथं आहेत. मोजून घ्या."

राजेसाहेब खदखदून हसले. "दिवाणजी, मिटा ती वही. वीसच!"

घरी चिमा पाठीला हळद लावू लागली, तसे हैबतीचे डोळे भरून आले. "चिमे, जीव वाचवलास. तुझे उपकार कसे फेडू?"

"माझे नकोत. सटवाभाऊंना आता सुपारी चावत नाही, त्याचं बघा."

पाठ बरी व्हायच्या आधीच हैबतीने काळ्या दगडाचा खलबत्ता घडवला आणि मान खाली घालून सटवाच्या हाती दिला. त्यानंतर त्याचा हात उठला तो फक्त दगडावर.