साहेबांच्या पाठीवरचा चुना

डोंगराच्या कुशीतल्या त्या शाळेत इयत्ता चार आणि खोली एकच. चारी भिंतींच्या कडेने चार वर्ग बसत, आणि मधे दोन शिक्षक. पण वरून निधी आटला आणि तुपे गुरुजींची बदली निघाली. मागे उरणार एकट्या शर्वरीबाई, साधं दार वाजलं तरी दचकणाऱ्या.

बदलीचा कागद घेऊन घोलपसाहेब तपासणीला आले. त्यांच्यासाठी सकाळीच भिंतींना चुना फासला होता. त्या ओल्या भिंतीला रेलूनच साहेबांनी भाषण ठोकलं, "यंदा निकाल वाढलाच पाहिजे! माणूस नाही, पैसा नाही, ही रडगाणी बंद करा. हाडाच्या शिक्षकाला चार वर्ग म्हणजे काय जड?"

पण या वेळी बाईंचा वैताग भीतीच्या वरचढ ठरला. "साहेब, मग एकदा शिकवून दाखवाच. मी बघून शिकते."

साहेब ऐटीत मधोमध उभे राहिले. चौथीला भागाकार शिकवला, झकास शिकवला. "बघितलंत?"

बाईंनी साहेबांच्या मागे बसलेल्या पहिलीतल्या जनाला विचारलं, "जने, साहेबांकडून तू काय शिकलीस गं?"

"बाई, साहेबांच्या पाठीला चुना लागलाय!"

अख्खी खोली खिदळली. बाई चाचरत म्हणाल्या, "रागावू नका साहेब. उद्यापासून मीही रोज तीन वर्गांना एवढंच शिकवणार. सांगा, निकाल कसा वाढवू?"

साहेबांनी चुना झटकायला हात मागे नेला, तो पोचेना. तुपे गुरुजींनी पुढे होऊन पाठ झटकून दिली.

"मागे दुसरा माणूस हवाच," साहेब पुटपुटले आणि बदलीचा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.