लाल टेकडीखालचं तळं

त्या रानात पाणी आटत चाललं होतं आणि भांडणं मात्र तुडुंब होती. हरणं म्हणायची, लाल टेकडीच्या पायथ्याशी आमचं तळं होतं, ते रानडुकरांनी तुडवून बुजवलं. रानडुकरं म्हणायची, तळं आमचं होतं, बुजवलं हरणांनी. दोन्हीकडची पिल्लं हे आईच्या दुधाबरोबरच शिकायची. टेकडीखाली आता नुसता खडकाळ माळ होता.

ओढ्यातली शेवटची डबकीही सुकू लागली, तेव्हा हत्तीणराणीने रान सोडायचं ठरवलं. वाटेत तापलेलं वाळवंट होतं. म्हातारी आणि तान्ही त्यातून पार होणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

साळिंदरांच्या बिळात साळू राहायची. तिची आई म्हातारी होती. निघायचा दिवस जवळ आला, तशी साळू दोन्ही कळपांत जाऊन बसली. खरं कोण बोलतं, असं आजवर जो तो विचारी. साळूने ते विचारलंच नाही. पाणी कुठवर यायचं, काठाला कसली झाडं होती, एवढंच तिने विचारलं. हरणं म्हणाली, जांभळी. रानडुकरंही म्हणाली, जांभळी. साळूच्या अंगावरचे काटे सळसळले. ज्यांचं कशावरच पटत नव्हतं, त्यांचं जांभळींवर पटत होतं!

ती माळाकडे धावत सुटली. जांभळी उरल्या नव्हत्या, पण वठलेले बुंधे होते, गोलाकार, अजून काठ धरून बसल्यासारखे. तिने त्यांच्या आत उकरलं. वर दगडगोटे, खाली लाल माती आणि मातीखाली पाण्यातल्या गोगलगायींचे पांढरे शंख. एवढे दगड कुणाच्या खुरांनी यायचे? तिने मान वर केली. टेकडीची एक कूस पार खचलेली होती.

ती धापा टाकत राणीपुढे उभी राहिली. "तळं कुणीच बुजवलं नाही. टेकडी ढासळली. पाणी अजून खाली असेल."

"तू ढासळताना पाहिलंस का?" एका म्हाताऱ्या रानडुकराने विचारलं.

"नाही. म्हणून तर म्हणते, उकरून बघू. चुकले असेन, तर तेही दिसेल."

राणी उठली. हत्तींनी दगड ओढले, डुकरांनी मुसंड्या मारून माती उकरली, हरणांनी ती खुरांनी मागे लोटली. दुपार कलली तरी धूळच उडत होती. मग शंख ओले निघू लागले. कुणी थांबेना. एका डुकराचं नाक चिखलाने माखून वर आलं, त्यामागोमाग पाण्याचा उमाळा आला आणि सगळं रान तिकडे लोटलं.

साळूच्या आईने पाण्यात तोंड घातलं ते बराच वेळ काढलंच नाही.

तहान भागली तशी हरणं पिल्लांना सांगू लागली, पाणी आपल्या खुरांनी लागलं. रानडुकरं सांगू लागली, आपल्या नाकांनी. साळू काठाशी आली. ओल्या चिखलात खुरांवर खूर उमटले होते, कुठे हरणाचा वर, कुठे डुकराचा. ते ठसे पुसू नयेत म्हणून तिने मागे फरफटणारे आपले काटे उचलून धरले आणि लांबचा वळसा घालून ती पाण्याकडे गेली.