देवापाशी राहिलेला चिमटा

"पण बाबा, तुम्ही स्वतः पाहिलंय का?"

जयवंताने हे विचारलं तेव्हा खेमनाथबाबा धुनीतला निखारा दोन ओल्या काटक्यांनी उचलून चिलमीवर ठेवत होते. निखारा निसटला. त्यांनी तो पुन्हा उचलला.

"काय बघायचं?"

"मूर्ती. खाली आहे की नाही, ते."

बाबांनी एक झुरका घेतला. धूर पाण्याच्या बाजूला गेला आणि त्यांची नजरही त्याच्या मागोमाग गेली.

खाली धरणाचं पाणी पसरलं होतं. त्या पाण्यात पिंपळसोंड नावाचं गाव होतं, आणि गावाच्या टोकाला भैरोबाचं देऊळ. पावसाळ्यात त्याचा मागमूस दिसत नसे. वैशाखात पाणी उतरलं की कळस तेवढा हातभर वर यायचा. त्याच्यावर बगळा बसायचा.

अकरा वर्षांमागे, धरण भरायच्या आधी, सरकारने गावाला साठ किलोमीटरवर माळाची जागा दिली. माणसं गेली, गुरं गेली, दारं-वासेसुद्धा गेले. भैरोबाला न्यायचं की नाही, हे मात्र भैरोबालाच विचारायचं ठरलं. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर देव येणार, डावी पडली तर नाही. सारं गाव सकाळपासून हात जोडून बसलं, आणि दुपारी डावी पडली. देवाचा कौल तो, मोडणार कोण? गाव रडत रडत निघालं. देव मागे राहिला आणि त्याच्यासोबत त्याचा गोसावी राहिला.

पाणी वर वर आलं तसे खेमनाथबाबाही टेकडीवर सरकत गेले. वर एक झोपडी बांधली, धुनी पेटवली. रोज दिवेलागणीला काठावर उभं राहून ते पाण्याला ओवाळायचे. बाजूला ऐकायला चिटपाखरू नसलं तरी आरतीतला एक शब्द गाळायचे नाहीत. अशी माणसं विरळाच.

आणि जयवंत साबणे? तो मोजणी खात्यातला माणूस. चोवीस वर्षं त्याने जमिनी मोजल्या. बांधावरून डोकी फुटायची वेळ आली की लोक त्याचं नाव घ्यायचे, कारण त्याच्या मापात बोटाचा फरक निघत नसे. खोटं माप त्याने उभ्या जन्मात लिहिलं नव्हतं. याचा त्याला अभिमान होता. थोडा जास्तच होता, पण खोटा नव्हता.

धरणाच्या हद्दीचे दगड तपासायला म्हणून तो एकदा इकडे आला. संध्याकाळी त्याने बाबांना पाण्यापुढे दिवा धरून उभं असलेलं पाहिलं. त्या चेहऱ्यावरची शांतता पाहून त्याची झोप उडाली. ही शांतता उभी कशावर आहे, ते त्याला मोजायचं होतं. शेवटी मुदतीआधी निवृत्ती घेऊन तो इथेच येऊन राहिला. त्यालाही आता तीन वर्षं झाली होती.

तीन वर्षांत त्याने झोपडी शाकारली, पाण्यापर्यंत पायऱ्या खोदल्या, बाबांसाठी बाजारातून नवा चिमटा आणला. बाबांनी तो दुसऱ्याच दिवशी रस्त्यावरच्या चहावालीला देऊन टाकला.

"मग तुमचा जुना कुठे आहे?" जयवंताने तेव्हा विचारलं होतं.

"देवापाशी राहिला."

पाणी चढलं तेव्हा घाईत राहून गेला असेल, असं जयवंताने धरलं. गोसाव्याला चिमटा जिवापलीकडे, आणि हा म्हातारा अकरा वर्षं काटक्यांनी निखारे उचलतोय. जयवंताला त्याची माया वाटायची.

आता मात्र मायेने भागणार नव्हतं. उद्या वैशाखी पुनव. माळावर गेलेलं गाव उद्या टेम्पो भरून येणार होतं, दर वर्षासारखं. बाबांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. उद्या सगळ्यांसमक्ष ते आपली झोळी आणि दिवा जयवंताच्या हाती देणार होते.

"उद्या पारूआजी विचारेल," जयवंत म्हणाला. "दर वर्षी टेम्पोतून उतरली की विचारते. 'देव बरा हाय न्हवं?' उद्यापासून ती मला विचारणार. मी काय सांगू?"

"तुला वाटंल ते सांग."

"वाटण्यावर मी कधी सही केली नाही, बाबा."

बाबा हसले. "मंग?"

"मूर्ती खाली आहे याचा पुरावा मिळाला तर झोळी घेतो. नाही तर..." त्याने दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं. "नाही तर आज संध्याकाळच्या एसटीने जातो. त्या भोळ्या माणसांना मी फसवू शकत नाही."

...

बाबांनी चिलीम उलटी करून झटकली. उठले, झोपडीत गेले आणि दोराचं वेटोळं खांद्यावर घालून बाहेर आले.

"पवता येतं न्हवं तुला?"

"कृष्णाकाठचा आहे मी."

"चल तर."

मासे धरणाऱ्यांची एक जुनी होडी खाली बांधलेली असायची. तिच्यातून दोघे कळसापर्यंत गेले. बगळा उडाला. बाबांनी कळसाला हात लावून तो कपाळी टेकवला आणि मग खुशाल त्यालाच होडी बांधली. जयवंताच्या कमरेला त्यांनी दोर गाठवला आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला दोनदा गुंडाळलं.

"दम संपला की वर यायचं. देव कुठं पळून जात न्हाय."

पहिल्या बुडीत त्याला दाराची चौकट सापडली. पाणी गढूळ होतं, डोळ्यांचा काही उपयोग नव्हता. दुसऱ्या बुडीत तो गाभाऱ्यात शिरला आणि गाळाला हात लावून परतला. तिसऱ्या बुडीत त्याच्या हाताला दगडी बैठक लागली.

तिच्यावर काही नव्हतं.

त्याने पुन्हा चाचपलं. मधोमध मूर्ती बसवायचा खळगा होता. त्यात काहीतरी लोखंडी उभं खोवलेलं होतं, गज असावा. बाकी नुसता गाळ.

तो वर आला, दम घेतला आणि चौथ्यांदा गेला. मूर्ती कलंडून खाली पडली असेल, या आशेने त्याने गाभाऱ्याचे चारही कोपरे हातांनी पिंजून काढले. जमीन मोजावी तसा तो गाभारा त्याने मोजला.

मूर्ती नव्हती.

वर येताना, पाण्याच्या वरच्या उजळ थरात, त्याला होडीची कड दिसली. कडेवर वाकलेला म्हातारा दिसला. दोन्ही हातांनी दोर धरून तो पाण्यात बघत होता, आणि त्याच्या खांद्यामागे ऊन होतं. अकरा वर्षांच्या आरत्या. उन्हापावसातला, एकट्याचा तो आवाज. या माणसाला हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

त्याने होडीची कड धरली.

"आहे, बाबा."

"व्हय?"

"मूर्ती आहे. हाताला लागली."

चोवीस वर्षांत जे लिहिलं नाही ते खोटं माप त्याने एका दमात लिहून टाकलं. लिहिताना त्याची नजर खाली गेली.

"बरं झालं," बाबा म्हणाले. ते सावकाश दोर गुंडाळू लागले. अर्धा दोर गुंडाळून झाला.

"आनि माझा चिमटा? लई गंजलाय का रं?"

...

जयवंताला आपल्या तळहातात ते गार लोखंड पुन्हा जाणवलं. खळग्यात उभं खोवलेलं. मूर्ती असती तर तो चिमटा तिथे बसलाच नसता.

"तुम्ही उतरला होता," तो म्हणाला.

"पयल्याच उन्हाळ्यात. तवा दम व्हता. गाळ उकरायला म्हनून चिमटा नेला व्हता." बाबा दोराकडे बघत होते. "जागा मोकळी. ती तशीच टाकून वर येववंना. हातात व्हता त्यो ठेवला."

"मूर्ती कुणी नेली?"

"पुरानं नेली आसंल. चोरानं नेली आसंल. मी बघितलं न्हाय. वाटन्यावर मी तरी कशी सई करू?"

जयवंताला हसू आलं नाही. तो कसाबसा होडीत चढला. पाणी निथळत होतं आणि त्याला राग आला होता.

"आणि त्या माणसांना हे अकरा वर्षं कळू दिलं नाहीत?"

"त्याच पुनवंला सांगितलं की. समद्यांम्होरं."

"काय सांगितलंत?"

"जागा मोकळी हाय म्हनून."

"मग?"

"मंग काय, रडलं गाव. पारूनं डोळं पुसलं आन म्हनली, येत न्हाय म्हनून सांगितलं आन आपला आपन कुठं गेला, ह्याचं पयल्यापास्नं आसंच हाय." बाबांच्या डोळ्यांत ओलावा होता, पण मिशीत हसू होतं. "मंग म्हनली, दिवा लावा, उशीर व्हतोय."

जयवंत होडीच्या फळीवर बसला.

"म्हणजे सगळ्या गावाला माहीत आहे."

"तुला सोडून समद्यास्नी."

जयवंताने ओल्या पंच्याने तोंड पुसलं, पुसून झाल्यावरही ते तसंच झाकून ठेवलं. ज्यांना खरं सोसायचं नाही म्हणून तो तीन वर्षं झुरला, ती माणसं सगळं जाणून, मुलंबाळं आणि नैवेद्याचे डबे सांभाळत, साठ किलोमीटर येत होती. पारूआजीला तो मनातल्या मनात भोळी म्हणत आला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. लाजेच्या खालोखाल त्या म्हातारीबद्दल असं काही दाटून आलं की तिचे पाय धरावेत.

"आन तू रं," बाबा वल्हं मारत म्हणाले, "खोटं का बोललास?"

"तुमच्यासाठी."

"ह्याआदी कुनासाठी बोलला व्हतास?"

"कुणासाठीच नाही."

बाबांनी मान हलवली. त्यांनी होडी काठाला लावली.

ते टेकडीवर पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. वरच्या रस्त्यावर एसटीने हॉर्न दिला. जयवंताची पिशवी सकाळपासून भरून झोपडीच्या दाराशी ठेवलेली होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते खाली बसून समईतल्या वाती पुढे सारत होते.

एसटी थांबल्याचा आवाज आला. दार उघडलं, लागलं. गाडी घाट चढू लागली, आणि तिचा आवाज बारीक होत गेला.

"बाबा, उद्या पारूआजीला काय सांगू?"

"हाताला लागलं ते."

"आणि ओवाळायचं कुणाला?"

बाबांनी तेल घातलं. बुधल्याच्या तोंडाला ओघळलेला थेंब बोटाने निपटून केसांना पुसला. समईवरून निरांजन पेटवलं आणि ताटात ठेवून ताट जयवंतापुढे धरलं.

"धर."

तीन वर्षांत हे ताट त्याने शंभरदा घासलं होतं, हातात धरून पाण्यापुढे कधी उभा राहिला नव्हता. तो खाली पायऱ्यांवर गेला. पाणी संथ होतं. कळस दिसत होता, आणि बगळा परत येऊन बसला होता. कळसाच्या खाली काय आहे, ते आता त्याला बोटाचाही फरक न होता माहीत होतं.

त्याने ताट उचललं. ज्योत थरथरली. वारा नव्हता. त्याने दुसरा हात ताटाखाली धरला, तरी ज्योत स्थिर होईना.

"हात कापतोय, बाबा," तो वळून न बघता म्हणाला. "फार वेळ पाण्यात होतो, म्हणून असेल."

बाबा त्याच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी ताटाला हात लावला नाही.

"वर आलो त्या सांजंला माझाबी कापला व्हता. त्याआदी येकतीस वरसं ओवाळलं, कदी कापला न्हवता."

"मग त्याच दिवशी का?"

...

"तवर मी मूर्तीला ओवाळत व्हतो."