आखाड्यातला पहिला नंबर

नद्यांना अजून नावंही पडली नव्हती, तेव्हा आग, पाणी आणि गवत कुस्तीच्या आखाड्यात उतरली. सर्वांत जबर मार कोणाचा, ते ठरवायला म्हातारं कासव पंच होतं.

“गवताशी जोड लावा, राख करते!” आगीने शड्डू ठोकला.

“मला आग द्या,” पाणी म्हणालं, “लगेच विझेल बघा.”

“मला पाणी द्या,” गवत डोललं, “थेंबही ठेवणार नाही.”

“पहिला नंबर कोणीही घ्या,” कासव म्हणालं. “फक्त आखाड्याची रीत आहे, जो आव्हान देईल त्याच्याशी पहिल्या नंबरवाल्याने लढायचं.”

आगीने पाण्याकडे पाहिलं, पाण्याने गवताकडे, गवताने आगीकडे.

“मला दुसराच बरा!” तिघंही एकदम म्हणाली.

कासवाने हसत बक्षिसाचा नारळ फोडला. खोबरं चौघांनी वाटून खाल्लं. पहिला नंबर अजून रिकामाच आहे.