खुंटीवरचं उपरणं

पूर्वी शोणावती नगरीत अरिंदम राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व तिथल्या विणकर आळीत, मुख्याच्या घरी जन्माला आला. नाव भद्रक. बायको उत्तरा, आणि तिष्य व नंदक हे दोन तरणेताठे मुलगे.

नदीपलीकडे गवळ्यांची आळी. दोन्ही आळ्यांचं पिढीजात हाडवैर, पण रीत मात्र एकच. कुणाचा खून झाला की त्याचं रक्ताळलेलं उपरणं दारावरच्या खुंटीला टांगायचं, आणि सूड घेतल्यावरच धुवायचं. एकदा धुतलं की त्यासाठी कोयता उचलायचा नाही. तोवर येणारे-जाणारे विचारणारच, "काय हो, अजून वाळतंय वाटतं?"

कालक गवळ्याने भावाच्या सुडापायी तिष्याला मारलं आणि उत्तरेच्या दारावरही उपरणं आलं. राजाने कालकाला सुळी दिलं. पण आळी म्हणाली, "ते राजाचं झालं. आपलं बाकी आहे." झालं! नंदक कोयत्याला धार लावू लागला. उत्तरेने त्याला अडवलं नाही. खरं सांगायचं तर तिला ते हवंच होतं. रोज ती उपरण्याला गाल लावायची. पोराचं तेवढंच उरलं होतं.

राजाने भद्रकाला बोलावून विचारलं, "इतके सुळी चढवले, तरी खून थांबत नाहीत. आणखी कोणती शिक्षा करू?"

"महाराज, सुळाला कोण भितो? तो एकदाच टोचतो. टोमणा रोज टोचतो."

घरी येऊन त्याने उपरणं खुंटीवरून काढलं. भर दुपारी, दोन्ही काठांवर माणसं असताना, ते रिठ्याने खसखसून धुतलं.

उत्तरा धावत आली. "अहो, माझं पोर धुऊन टाकलंत! हात झडोत तुमचे!"

"एक गेलं, उत्तरे. दुसऱ्याचं मी टांगू देणार नाही."

आळीने त्यांना वाळीत टाकलं. नंदकाने बापासमोर कोयता फेकला, थुंकला आणि परगावी निघून गेला. पुन्हा तो घराचा उंबरठा चढला नाही.

पुढच्या वर्षी कालकाची म्हातारी आई सुळी गेलेल्या मुलाचं, दारावर टांगलेलं उपरणं घेऊन नदीवर आली. उत्तरेला म्हणाली, "बाई, जरा रिठे देतेस?"

"तू कशाला धुतेस?"

"टांगून दाखवू कुणाला? घरात कोणी उरलंच नाही."

उत्तरेने मूठभर रिठे दिले. आपला नंदक कुठेतरी जेवत असेल, हे तिला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. तरी नवऱ्याशी ती मरेपर्यंत बोलली नाही.

कथा संपवून भगवान शास्ते भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाची उत्तरा म्हणजे आज विहाराच्या दारात मुकाट्याने भात वाढणारी उपासिका. रिठे मागणारी ती म्हातारी गवळण आज तिच्याशेजारी बसते. नंदक इथेच, तुमच्यात आहे. आणि उपरणं धुणारा भद्रक तो मीच. ही क्षांतिपारमिता, सहनशीलतेची परिसीमा. तिचं कौतुक त्या जन्मी कुणी केलं नाही."

"आणि ती टोमणे मारणारी आळी, भगवन्?" एका भिक्षूने विचारलं.

शास्त्यांनी समोर बसलेल्या सगळ्यांकडे नुसतं पाहिलं.