गाळाची पाटी आणि दगडी हत्ती

ही गोष्ट कधीची, ते विचारू नका. माझ्या आजोबांना त्यांच्या आजोबांनी सांगितली, तेव्हाही ती जुनीच होती. डोंगरांच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं. त्या राज्यात एकच मोठं तळं होतं, आणि सगळ्यांचं पोट त्या तळ्यावर होतं.

तळ्यातून एक पाट निघे. आधी वरची शेतं भिजत, मग मधली, आणि अगदी शेवटी येसाईचा पानमळा. येसाई म्हातारी, एकटी बाई. नवऱ्याने लावलेल्या पानवेली तिने शेवरीच्या झाडांवर लेकरांसारख्या वाढवल्या होत्या. आठवड्याला पानांची एक करंडी बाजारात जाई आणि त्यावर तिची चूल पेटे. पण पानवेल मोठी नाजूक. वेळेवर पाणी मिळालं नाही की मान टाकते, आणि एकदा वाळली की नवी वेल हाताशी येईपर्यंत वर्षं जातात. म्हणून पाटाचं पाणी शेवटपर्यंत पोचणं, हा येसाईच्या जगण्याचाच प्रश्न होता.

आता तळं म्हटलं की गाळ आलाच. डोंगरावरून पाण्याबरोबर माती येते आणि खाली बसते. त्यासाठी जुन्या माणसांनी एक नेम घालून दिला होता. चैत्रात पाणी खाली गेलं की सगळ्यांनी गाळ उपसायचा. ज्याच्या शेतात जास्त पाणी, त्याचे दिवस जास्त. येसाईच्या वाट्याला एक दिवस येई. पहिली पाटी मात्र राजाच्या डोक्यावर. राजा स्वतः चिखलात उतरे, पाटी भरे, बांधावर नेऊन टाके, मग बाकीचे उतरत. त्या दिवशी राजा कोण आणि माळी कोण, हे चिखलामुळे ओळखू येत नसे.

त्या राज्यात चांगोजी शेट नावाचा गुळाचा व्यापारी होता. अर्धं शिवार त्याच्या उसाखाली होतं. ऊस पाणी किती पितो ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा त्याच्या वाट्याला गाळही तसाच येई. चैत्र लागला की शेटचे चाळीस गडी महिनाभर तळ्यात उतरत.

शेट वाईट नव्हता हं. उगीच कुणाला वाईट ठरवून गोष्ट सोपी करायची सवय मला नाही. हात सैल होता, मन मोठं होतं. फक्त गाळ उपसला की त्याचं नाव कुणी घेत नसे, आणि ते त्याला थोडंसं लागे.

एका वर्षी तो राजाकडे गेला. म्हणाला, "महाराज, तळ्याला दगडी घाट बांधून देतो. रुंद पायऱ्या, दोन बाजूंना दोन दगडी हत्ती आणि वर घुमटाची छत्री. सगळा भार माझ्यावर."

राजा हरखला. "शेट, बदल्यात काय हवं तुम्हाला?"

"काही नको, महाराज. फक्त माझे गडी दगड वाहण्यात गुंततील. यंदाचा गाळ तेवढा माफ करा."

"एवढं देताय, आणि वर तुम्हाला चिखलात उतरवू? माफ," राजा म्हणाला.

घाट झाला. खरंच देखणा झाला. राजाने नारळ फोडला, शेटने गावजेवण घातलं, आणि लोकांनी बुंदीचे लाडू खाऊन शेटला तोंड भरून आशीर्वाद दिले. पुढच्या वर्षी शेटने धर्मशाळा बांधली. गाळ माफ. त्याच्या पुढच्या वर्षी पाठशाळा. गाळ माफ. खोटं कशाला बोलू, वाटसरूंना छप्पर मिळालं, पोरं चार अक्षरं शिकली. चांगल्याला चांगलं म्हणायलाच हवं.

पण शेटचं पाहून दुसऱ्या बागायतदारांनाही युक्ती सुचली. एकाने देवळाला घंटा दिली आणि गाळातून सुटला. दुसऱ्याने राजाच्या बागेला मोर दिले. तिसऱ्याने तर पिंजऱ्यासकट एक पोपट आणला, म्हणे हा लोकांना रामराम करील. राजालाही चिखलापेक्षा नारळ बरा वाटू लागला होता. पहिली पाटी उचलायला तो येईनासा झाला. तळ्यात उतरत ती फक्त एकेका दिवसाची माणसं, ज्यांच्याकडे द्यायला ना घंटा होती ना मोर.

येसाई दरवर्षी उतरली. वाकून वाकून तिचा दिवस भरला. पण चाळीस गड्यांचा गाळ एक म्हातारी किती उपसणार?

कुणी कुरकुरलं की बाकीचे त्याला गप्प करत. "अरे, इतकं करतो बिचारा गावासाठी, आणि त्याला गाळ काढायला लावायचा? काही लाज?" मग तो माणूस खरंच लाजे आणि गप्प बसे.

पाचव्या वर्षी पाट माघातच मधल्या शेतांपाशी आटला. येसाईच्या मळ्यापर्यंत पाण्याचा थेंब आला नाही. पानं पिवळी पडली.

शेटच्या कानावर हे गेलं आणि त्याला मनापासून वाईट वाटलं. स्वतःच्या विहिरीचं पाणी हंड्यांत भरून त्याने दोन बैलगाड्या तिच्या मळ्यावर पाठवल्या. पुढे सनई-चौघडा, मागे स्वतः शेट.

"येसाई, मी असताना तुला काय कमी पडू देईन का? रोज दोन गाड्या येतील," तो म्हणाला.

येसाईने वेलींकडे पाहिलं आणि हात जोडले. "शेट, तुमचं मन मोठं आहे. पाणी मी घेते, वेलींसाठी घेते. पण मला गाडीतलं पाणी नको होतं. पाटातलं माझं पाणी हवं होतं."

शेट हसला. "पाणी ते पाणी. पाटातलं काय आणि गाडीतलं काय?"

बारा दिवस गाड्या आल्या. तेराव्या दिवशी आल्या नाहीत. शेटच्या घरी लेकीचं लग्न निघालं होतं, गाड्या पाहुणे आणायला गेल्या होत्या. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता, घाईत राहून गेलं एवढंच. येसाई रोज बांधावर जाऊन रस्त्याकडे बघे. मागायला जायचं, तर मागायचं कुठल्या तोंडाने? मेहेरबानी वेळेवर आली नाही म्हणून भांडता येत नाही. दहा दिवसांनी शेटला आठवलं. गाड्या आल्या तेव्हा अर्धा मळा वाळून गेला होता. येसाई वाळलेल्या वेलींखाली बसून लहान पोरीसारखी रडली.

पाऊसकाळ आला, तळं भरलं. वरून पाहणाऱ्याला वाटे, काय काठोकाठ भरलंय! शेटला नवी कल्पना सुचली. त्याने तळ्याला एक नाव भेट दिली. साधी नाव नव्हे, वर मखमली छत, पुढे मोराचं तोंड. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं राज्य घाटावर जमलं. राजा रेशमी धोतर नेसून नावेत बसला, शेजारी शेट, मागे नावाडी. नारळ फुटला, वाजंत्री वाजली, नाव निघाली.

आणि तळ्याच्या मधोमध रुतून बसली.

नावाड्याने वल्ही मारून पाहिली. पुढे जाईना, मागे येईना. जिथे पूर्वी हत्ती बुडेल एवढं पाणी असे, तिथे आता मांडीभर पाणी होतं आणि त्याखाली नुसता गाळ. वाजंत्री बंद पडली. आधी पोरं हसली, मग मोठी माणसं हसली, आणि मग हळूहळू सगळ्यांचं हसू मावळलं. कारण आपलं तळं केवढं उरलंय, ते आज प्रत्येकाला दिसलं होतं.

शेवटी राजाला उतरावं लागलं. रेशमी धोतर चिखलात, मागोमाग शेट. दोघं एकमेकांना धरून पाय उपसत काठाकडे येऊ लागले. घाटावर सगळे दगडी हत्तींसारखे उभे होते. येसाई तेवढी पुढे झाली. बांधावर पालथ्या पडलेल्या गाळाच्या दोन रिकाम्या पाट्या तिने उचलल्या होत्या. पायऱ्या उतरून तिने त्या पाण्यात दोघांपुढे ठेवल्या.

"उतरलाच आहात, तर एकेक पाटी भरून घेऊनच वर या," ती म्हणाली.

शेटचा चेहरा पडला. "येसाई, मी या राज्याला काय नाही दिलं?"

"दिलंत, शेट. मी नाही म्हणत नाही. माझ्या लेकीचा मुलगा तुमच्याच पाठशाळेत शिकतो," येसाई म्हणाली. "पण काय द्यायचं ते तुम्ही ठरवलंत, कधी द्यायचं तेही तुम्हीच ठरवलंत. तुमच्या मनात आलं तेव्हा माझ्या वेली जगल्या, तुम्ही विसरलात तेव्हा मेल्या. गाळाचं तसं नव्हतं. गाळाचा नेम जुन्यांनी सगळ्यांसाठी घालून दिला होता, म्हणून मला कुणाच्या आठवणीवर जगावं लागत नव्हतं."

मग राजाकडे वळून ती म्हणाली, "आणि महाराज, हत्ती शेटनी दिले, पण माफी तुम्ही दिलीत. ती माफी तुमची नव्हती. ती माझ्या मळ्याच्या पाण्यातून दिलीत."

राजाने मान खाली घातली. मग वाकून त्याने दोन्ही हातांनी गाळ उपसला, पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि पायऱ्या चढून बांधावर नेऊन टाकली. त्याच्यामागून चांगोजी शेट आला, डोक्यावर पाटी, कपाळावरून ओघळणारा चिखल. त्या दिवशी त्याचं नाव कुणी घेतलं नाही. पण येसाईने पदराने त्याचं तोंड पुसलं.

तिथेच बांधावर राजाने हुकूम दिला. दान ज्याला द्यायचं त्याने खुशाल द्यावं, पण आधी आपला गाळ काढावा. ज्याचा गाळ बाकी, त्याची घंटासुद्धा घ्यायची नाही. पुढच्या चैत्रात शेटचे चाळीस गडी तळ्यात उतरले आणि त्यांच्या पुढे शेट उतरला. पाच वर्षांचा गाळ निघायला तीन वर्षं लागली. येसाईने वाळलेल्या जागी नव्या वेली लावल्या. त्या शेवरीच्या शेंड्याला पोचल्या तेव्हा पाट पुन्हा शेवटपर्यंत वाहत होता, आणि पाण्यासाठी कुणाचे आभार मानायची गरज उरली नव्हती. घाट अजून आहे म्हणतात. भरल्या पाट्या टेकवायला दगडी हत्तींची पाठ फार सोयीची पडते.

म्हणून लहानथोर हो, एवढं ध्यानात ठेवा: जो आपल्या वाट्याचा भार चुकवून दान देतो, त्याच्या दानाची किंमत पाटाच्या शेवटी राहणारा कुणीतरी भरत असतो.